बॅटरी खातंय कोण, ते आधी बघा

साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा घेत उभे राहा आणि आजूबाजूच्या माणसांचे हात बघा. कुणीतरी खिशातून फोन काढतो, उघडी असलेली अ‍ॅप्स एकेक करून वर भिरकावतो आणि स्क्रीन साफ झाली की फोन परत खिशात टाकतो. 'लय बॅटरी खात्यात ही.' करणाऱ्याला बरं वाटतं. बॅटरीला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

त्या यादीत दिसणारं प्रत्येक अ‍ॅप चालू असतंच असं नाही. त्यातली बरीचशी फोनने गोठवून ठेवलेली असतात. ती मेमरीत जागा धरून बसतात, पण प्रोसेसरला कामाला लावत नाहीत, आणि मेमरी भरलेली असली काय नि रिकामी असली काय, तिला लागणारी वीज जवळपास तेवढीच. उलट हाकललेलं अ‍ॅप पाच मिनिटांनी पुन्हा उघडलं की ते पहिल्यापासून लोड होतं आणि त्याला जास्त वीज लागते. आयफोन आणि अँड्रॉइड या दोन्हींचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या बड्या अधिकाऱ्यांनी २०१६ मध्येच हे जाहीरपणे सांगितलं होतं. सवय काही जात नाही. एखादं अ‍ॅप अडकून पडलंय, फोन उगाच तापतोय, तर ते एक अ‍ॅप जरूर बंद करा. रोजची झाडलोट मात्र सोडून द्या.

बॅटरी पुरवायची असेल तर पहिलं काम म्हणजे हिशोब बघणं. सेटिंग्जला हात त्यानंतर.

१९ वॅट-तासांचा संसार

आजच्या साध्या अँड्रॉइड फोनची बॅटरी साधारण ५,००० एमएएचची असते. हा आकडा खोक्यावर ठळक छापलेला असतो, पण त्यावरून वीज नेमकी किती ते कळत नाही. त्याला बॅटरीच्या व्होल्टेजने, म्हणजे साधारण ३.८५ ने गुणलं (आणि हजाराने भागलं) की सुमारे १९ वॅट-तास येतात. विजेच्या बिलातलं एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. चार्जरमध्ये आणि उष्णतेत वाया जाणारा भाग सोडला तरी एका युनिटमध्ये असे चाळीसेक फोन भरून निघतील. तेव्हा चिंता बिलाची नाही. त्या १९ वॅट-तासांत सकाळ ते रात्र निभावतं का, एवढंच बघायचं.

फोन खिशात, स्क्रीन बंद, रेंज चांगली, अशा वेळी तो एका वॅटचा अगदी लहानसा अंश घेतो. रात्रभरात दोन-चार टक्के उतरले तर त्यात वावगं काही नाही. तोच फोन उन्हात पूर्ण उजेडावर, मोबाईल डेटावर व्हिडिओ दाखवत असेल तर दोन वॅट किंवा त्याहून जास्तही ओढतो. दोन वॅटच्या चालीने १९ वॅट-तास साडेनऊ तासांत संपतात. सकाळी आठला भरलेला फोन संध्याकाळी साडेपाचला मान टाकतो, तो बिघडलेला असतोच असं नाही. भागाकार बरोबर आलेला असतो.

आता तुमचा फोन उघडा. सेटिंग्ज, त्यात बॅटरी, त्यात बॅटरी युसेज. कंपनीप्रमाणे नाव थोडं इकडचं तिकडं असेल, पण पान सगळ्यांकडे आहे. ते संध्याकाळी, चार्जिंगला लावायच्या आधी बघावं, म्हणजे अख्ख्या दिवसाचं चित्र दिसतं. यादीतल्या प्रत्येक अ‍ॅपवर बोट ठेवलं की ते स्क्रीनवर किती वेळ होतं आणि मागे, म्हणजे बॅकग्राउंडला, किती वेळ चालू होतं हे वेगवेगळं दाखवलं जातं. हे दोन आकडे वेगळे वाचणं फार महत्त्वाचं. यूट्यूबने ३० टक्के खाल्ले आणि तुम्ही ते तीन तास बघितलंय, तर अ‍ॅपला दोष देऊन उपयोग नाही. पण दिवाळीच्या खरेदीनंतर एकदाही न उघडलेलं एखादं अ‍ॅप बॅकग्राउंडला दोन तास जागं राहून १२ टक्के खात असेल, तर चोर सापडला.

बहुतेक फोनमध्ये पहिले दोन किंवा तीन खाणारेच निम्म्याहून जास्त वीज खातात. त्यांचा बंदोबस्त केला की पुरे. इंटरनेटवर 'बॅटरी वाचवण्याचे पन्नास उपाय' असतात ना, त्यातल्या बऱ्याचशा उपायांनी फारसं काही वाचत नाही.

रेंज: आपल्या जिल्ह्यातला मोठा गिऱ्हाईक

पुण्या-मुंबईत लिहिलेल्या लेखांत रेंजचा उल्लेख शेवटी एका ओळीत येतो. तिथे दर काही इमारतींमागे टॉवर असतो, त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडे जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या खोऱ्यांत तीच ओळ सगळ्यात आधी यायला हवी.

फोन टॉवरचं नुसतं ऐकत नसतो, त्याला उत्तरही द्यावं लागतं. किती जोरात द्यायचं, ते टॉवर त्याला सेकंदाला कितीतरी वेळा सांगत राहतो. शेजारच्या ओट्यावर बसलेल्या माणसाशी आपण हळू बोलतो आणि दरीपलीकडच्या वाडीतल्या माणसाला हाक मारताना घसा फाडतो, तसंच हे. ४जीवर फोन जास्तीत जास्त सुमारे ०.२ वॅट इतक्या ताकदीने लहरी सोडू शकतो. आकडा छोटा वाटतो, पण तेवढी ताकद हवेत सोडायला आतल्या अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या कितीतरी पट वीज लागते. शिवाय रेंज कच्ची असली की निरोप अर्धवट पोचतो, पुन्हा पाठवावा लागतो, वेग पडतो. एक फोटो जिथे दोन सेकंदांत गेला असता तिथे मिनिटभर लागतं आणि ते मिनिटभर रेडिओ पूर्ण जोरात जागा असतो. टॉवर अजिबात सापडलाच नाही तर फोन गप्प बसत नाही. या बँडवर बघ, त्या बँडवर बघ, असं पुन्हा पुन्हा शोधत राहतो.

माझी मामेबहीण बामणोलीच्या बाजूला आशाताई म्हणून काम करते. तिची तक्रार अशी: "दादा, घरनं निघताना शंभर असतंय. लाँचमधनं पलीकडं उतरेस्तोवर साठ. फोनला हात पण लावला न्हाय मी." दुकानदाराने तिला बॅटरी बदलायला सांगितलं होतं. फोन तसा नवाच. बॅटरीचं पान उघडलं तर सगळ्यात वर अ‍ॅप नव्हतंच, 'मोबाईल नेटवर्क' होतं. फोनमध्ये दोन सिम. एकाची रेंज काठावरच्या गावांत कशीबशी येते. दुसऱ्याचा टॉवर त्या खोऱ्यात पोचतच नाही. ते सिम कधीतरी मुंबईच्या भावाशी बोलायला घेतलेलं, आता त्यावर फक्त बँकेचा ओटीपी येतो. आणि ते बिचारं दिवस उजाडल्यापासून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर टॉवर शोधत बसलेलं.

उपाय दोन बोटांचा निघाला. सिमच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसरं सिम बंद केलं. सिम काढायचं नाही, नुसतं बटण बंद करायचं. बँकेचं काम असेल त्या दिवशी, रेंज असलेल्या गावात, पुन्हा चालू. लाँचमध्ये बसल्यावर एअरप्लेन मोड. तिच्या कामाच्या अ‍ॅपमध्ये माहिती ऑफलाइन भरून ठेवता येते, ती गावात परतल्यावर पाठवता येते. आता संध्याकाळी निम्मी बॅटरी शिल्लक असते म्हणते. नव्या बॅटरीचे पैसे वाचले ते वेगळेच.

तुमच्याकडची रेंज खरी किती आहे, हे वरच्या दांड्यांवरून ठरवू नका. त्या दांड्या प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने दाखवते. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, तिथे सिम स्टेटस, तिथे सिग्नल स्ट्रेंथ असा आकडा सापडतो. तो उण्यात असतो, त्यामुळे आकडा जितका मोठा तितकी रेंज वाईट. उणे ८५ डीबीएम म्हणजे छान. उणे ११० च्या पलीकडे गेला की फोनचे हाल सुरू. यात दहाचा फरक म्हणजे दहापट फरक. उणे ९५ आणि उणे ११५ यांत शंभरपटीचं अंतर आहे. हा आकडा हातात धरून एकदा घरभर फिरून बघण्यासारखं आहे. जुन्या दगडी भिंतीच्या घरात देवघराशेजारच्या कोनाड्यात उणे ११५ आणि चार पावलांवरच्या खिडकीत उणे ९८ असा प्रकार सहज आढळतो. फोन रात्री कुठे ठेवायचा, ते मग वेगळं सांगायला नको.

घरात वाय-फाय असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा. बऱ्याच गावांत आता फायबर पोचलंय, पण टॉवरची रेंज मात्र घरात येत नाही. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय आणली, तिचे जास्तीचे पैसे लागत नाहीत, आणि तरी कितीतरी लोकांनी ती चालूच केलेली नाही. फोन त्यासाठी योग्य असला की कॉल वाय-फायवरून जातात-येतात आणि टॉवरपर्यंत ओरडण्याची गरज उरत नाही.

५जीचं थोडक्यात. भारतात ते १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. जिथे ते भरवशाचं मिळतं तिथे वापरा, वाईट काही नाही. पण जिथे ते येतं, जातं, पुन्हा येतं, तिथे फोनची सारखी अदलाबदल चालू राहते. अशा गावात राहत असाल तर प्रिफर्ड नेटवर्क टाइपमध्ये ४जी किंवा एलटीई निवडून टाका. कुणीतरी त्याच्याही खाली, ३जीवर न्यायचा सल्ला देईल. जिओवर तसं करू नका, त्यांच्याकडे ३जी नाहीच, कॉलसुद्धा लागायचे नाहीत.

आणि कासला फुलं बघायला जाणाऱ्यांना एक विनंती. पठारावर उभं राहून शंभर फोटो काढले की फोन ते लगेच गूगल फोटोजवर चढवायला घेतो. त्या गर्दीत, त्या रेंजमध्ये. गूगल फोटोजच्या बॅकअपमध्ये मोबाईल डेटाचा वापर बंद ठेवा. फुलं पळून जात नाहीत, फोटो घरी गेल्यावर वाय-फायवर जातील.

मागच्या दाराने येणारी अ‍ॅप्स

अँड्रॉइडने २०१५ पासून एक चांगली व्यवस्था केली आहे. स्क्रीन बंद करून फोन टेबलावर काही वेळ तसाच पडून राहिला की तो डुलकी घेतो. अ‍ॅप्सची मागची कामं थोपवून धरतो आणि मधूनमधून थोडा वेळ दार उघडून सगळ्यांना एकदम उरकायला लावतो. २०१८ मध्ये त्यात भर पडली: तुम्ही कोणतं अ‍ॅप किती वापरता ते फोन शिकतो आणि क्वचित उघडल्या जाणाऱ्या अ‍ॅपला रांगेत मागे ढकलतो. ही अ‍ॅडॅप्टिव्ह बॅटरी चालू आहे ना, एवढं बघून घ्या.

तरीही काही अ‍ॅप्स डोईजड होतात. त्यांच्यासाठी अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर बॅटरीच्या खाली तीन पर्याय असतात: अनरिस्ट्रिक्टेड, ऑप्टिमाइज्ड आणि रिस्ट्रिक्टेड. नव्या काही फोनवर 'अलाउ बॅकग्राउंड युसेज' असं बटण दिसतं, अर्थ तोच. बहुतेक अ‍ॅप्स मधल्यावर राहू द्यावीत. खरेदी, जेवण मागवणं, कर्ज देऊ करणारी अ‍ॅप्स, खेळ, बातम्यांची पाच-पाच अ‍ॅप्स यांना बिनदिक्कत तिसऱ्यावर टाका. त्याहून उत्तम म्हणजे जे महिन्यात उघडलंच नाही ते काढूनच टाकणं. सॅमसंगवर अ‍ॅपला असं रोखून ठेवायच्या यादीला 'डीप स्लीपिंग अ‍ॅप्स' असं नाव आहे. शाओमी, ओप्पो, विवो यांच्याकडे 'ऑटोस्टार्ट' नावाची वेगळी यादी असते, तिथली नको ती बटणंही बंद करा. आयफोनवाल्यांनी बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेशमध्ये जाऊन हेच करावं.

हात आखडता घ्यायचा तो इथे: गजर, कामाची अ‍ॅप्स, साखर मोजायच्या यंत्राला जोडलेलं अ‍ॅप, आणि अर्थातच व्हॉट्सअ‍ॅप. व्हॉट्सअ‍ॅपला रिस्ट्रिक्टेड केलं की फोन आल्याचं कळत नाही आणि मग घरात भांडणं होतात.

पण व्हॉट्सअ‍ॅपला पूर्ण मोकळीक द्यायचंही कारण नाही. एखादा नेहमीचा फोन घ्या: भावकीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, गणपती मंडळ, दूध संस्था, बायकोच्या माहेरचा ग्रुप. पहाटे साडेपाचपासून 'शुभ सकाळ'ची फुलं यायला लागतात. नुसता मजकूर आला तर फारसं बिघडत नाही, कारण अँड्रॉइडवर बहुतेक अ‍ॅप्सच्या सूचना गूगलच्या एकाच सामाईक जोडणीतून येतात. पण प्रत्येक फूल हा फोटो असतो. तो उतरवायला मोबाईलचा रेडिओ जागा होतो, आणि काम संपलं तरी लगेच झोपत नाही. अजून काही येईल म्हणून काही सेकंद ताटकळतो. तो झोपतोय तोवर सोलापूरच्या आत्याचं फूल येतं. असं दहा वाजेपर्यंत. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, तिथे मोबाईल डेटावरचं मीडिया ऑटो-डाउनलोड. चारही खुणा काढून टाका: फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट्स. जो फोटो बघायचा त्यावर बोट ठेवलं की तो उतरेल. चॅट बॅकअपसुद्धा रोजच्या ऐवजी आठवड्याला, फक्त वाय-फायवर, व्हिडिओ वगळून. यात नात्यागोत्यात कुणाचं मन दुखावत नाही, त्यांना कळतही नाही.

लोकेशनबाबत बरेच जण मुख्य बटणच बंद करून ठेवतात. त्याऐवजी प्रत्येक अ‍ॅपची परवानगी तपासा आणि 'फक्त अ‍ॅप वापरत असताना' यावर ठेवा. नकाशाला, रिक्षाच्या अ‍ॅपला तेवढं पुरतं. टॉर्चच्या अ‍ॅपला लोकेशन कशाला हवं हे त्यालाच ठाऊक. मुख्य बटण चालू ठेवायचं आपल्याकडे एक खास कारण आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पाटणच्या जुन्या माणसांच्या अंगावर अजून काटा आणतो, आणि लहानमोठे धक्के त्या भागाला नवे नाहीत. गूगलने सप्टेंबर २०२३ पासून भारतात अँड्रॉइड फोनवर भूकंपाच्या सूचना द्यायला सुरुवात केली. त्यासाठी लोकेशन, इंटरनेट आणि त्या सूचनेचं बटण, तिन्ही चालू लागतात. एक-दोन टक्क्यांसाठी ते बंद ठेवणं मला तरी पटत नाही.

स्क्रीन

इथे सांगण्यासारखं खरं तर सगळ्यांना माहीत असतं: उजेड कमी, स्क्रीन बंद व्हायची वेळ ३० सेकंद. ऑटो ब्राइटनेस चालू ठेवा. उन्हातून घरात आल्यावर उजेड हाताने कमी करायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. स्क्रीनचा वेग (सेटिंग्जमधला रिफ्रेश रेट) १२० हर्ट्झ असेल तर बाहेरगावी जायच्या दिवशी ६० वर आणा. सतत घड्याळ दाखवणारा डिस्प्ले मला आवडतो, पण तो फुकट येत नाही.

डार्क मोडवर मात्र दोन टोकाची मतं ऐकू येतात आणि दोन्ही अर्धी खरी आहेत. ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. एलसीडी पडद्यामागे दिवा सतत पेटलेलाच असतो, चित्र काळं असलं तरी वीज तेवढीच. तुमचा पडदा कोणता, हे कळायला रात्री दिवे घालवून पूर्ण काळं चित्र उघडा. पडदा राखाडी चमकला तर एलसीडी, खोली आणि पडदा वेगळा ओळखू आला नाही तर ओएलईडी. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये ओएलईडी फोनवर हे मोजलं. उजेड ३० ते ५० टक्के असताना डार्क मोडने सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचली. उजेड पूर्ण १०० टक्के असताना ३९ ते ४७ टक्के. म्हणजे घरात बसून डार्क मोडने फार काही हाती लागत नाही. तो कामाचा आहे भर दुपारी, रानात. आणि गंमत अशी की भर उन्हात काळ्यावरचं पांढरं वाचताना डोळ्यांना त्रास होतो. ज्याने त्याने बघावं.

ब्लूटूथ बंद, कीबोर्डचं थरथरणं बंद, हलता वॉलपेपर बंद: करा हवं तर, चार-सहा मिनिटं वाचतील. फोनमधला बॅटरी सेव्हर मात्र मनापासून वापरा, आणि १५ टक्के उरल्यावर नको. दिवस लांबणार हे सकाळीच माहीत असेल तर सकाळीच. प्ले स्टोअरवरची बॅटरी वाचवणारी, फोन थंड करणारी, रॅम साफ करणारी अ‍ॅप्स टाकू नयेत. ती स्वतः मागे चालू राहतात, जाहिराती दाखवतात आणि वर सांगितलेली झाडलोट करतात, दुसरं काही नाही.

रील्सवर कुठलंही सेटिंग चालत नाही. पडदा, रेडिओ, प्रोसेसर, स्पीकर, चौघेही एकदम कामाला. बॅटरीच्या पानावर सगळ्यात वर तेच असेल तर उत्तर तुम्हाला माहीत आहे.

म्हातारपण लांबवायचं तर

आतापर्यंतचं सगळं एका दिवसाचं झालं. बॅटरी दोन-तीन वर्षं टिकवायची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे जुन्या समजुती जास्त नडतात. 'पूर्ण उतरू द्यावी, मगच शंभरपर्यंत भरावी' हा नियम जुन्या निकेल-कॅडमियमच्या बॅटरीचा होता. आजच्या फोनमधली लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली, तिच्यामागच्या संशोधकांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि तिला हा नियम मुळीच मानवत नाही. पार शून्यावर नेणं आणि तासन्‌तास शंभरावर ताणून ठेवणं, दोन्ही तिला जड जातं. मध्येमध्ये थोडी थोडी भरली तर ती खूश असते. आज ५० टक्के वापरून भरली, उद्या पुन्हा ५० वापरली, तर दोन दिवसांचं मिळून एक चक्र मोजलं जातं. कितीदा वायर लावली, याला महत्त्व नाही.

अ‍ॅपल आपल्या आयफोन १४ पर्यंतच्या फोनबद्दल सांगतं की ५०० चक्रांनंतर मूळच्या ८० टक्के क्षमता उरावी. आयफोन १५ पासून तोच आकडा १,००० चक्रांचा झाला. युरोपीय संघाने जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनसाठी ८०० चक्रांनंतर ८० टक्के ही अट घातली आहे. रोज एक चक्र धरलं तर ५०० चक्रं म्हणजे जेमतेम सोळा-सतरा महिने. वर सांगितलेल्या उपायांनी रोजचा वापर निम्म्यावर आला तर तेच आयुष्य जवळजवळ दुप्पट लांबतं.

खरा वैरी उष्णता. अ‍ॅपलच्याच सांगण्यानुसार आजूबाजूचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते. माण-खटावमध्ये एप्रिल-मे महिन्यांत सावलीतच पारा त्याच्या वर असतो. अशा दिवशी मोटरसायकलच्या हँडलला फोन अडकवायचा, नकाशा चालू, उजेड पूर्ण आणि खालून चार्जिंग. बॅटरीला मारायची याहून पक्की रीत मला ठाऊक नाही. गाडीच्या काचेमागेही तेच. तापलेला फोन चार्ज व्हायचा थांबला तर तो स्वतःला वाचवतोय, चार्जर बदलू नका, सावलीत ठेवा, जाड कव्हर काढा. फ्रीजमध्ये ठेवणारे महाभागही आहेत. आत दव धरतं आणि फोन जातो. थंडीचं उलट आहे: महाबळेश्वरला डिसेंबरच्या पहाटे टक्के भराभर उतरलेले दिसतात, पण ते तात्पुरतं. खिशात ऊब मिळाली की बॅटरी बरीचशी पुन्हा चालते.

रात्रभर चार्जिंगला लावलं म्हणून फोन फुटत नाही; शंभर झालं की आतलं सर्किट भरणं थांबवतं. पण उशीखाली, गोधडीत ठेवून चार्ज करू नका. आता बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची किंवा उठायच्या वेळेपर्यंत सावकाश भरायची सोय असते. टेबलावर काम करणाऱ्याने ती चालू करावी. जिथे वीज बेभरवशाची, सकाळी गेली की दुपारी उगवते, तिथे मात्र ८० चा हट्ट धरू नये. भरून ठेवा शंभर. बॅटरी आपल्यासाठी आहे, आपण बॅटरीसाठी नाही.

पॉवर बँक घेताना मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. पुढे १०,००० लिहिलेलं असतं, मागे रेटेड कपॅसिटी म्हणून सहा हजारांच्या आसपासचा आकडा असतो. ती फसवणूक नाही, आतल्या ३.७ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना आकडा उतरतो आणि थोडी वीज वाया जाते. हिशोब मागच्या आकड्यावर करा.

एवढं सगळं करूनही फोन ३० टक्क्यांवरून एकदम बंद पडत असेल, तर बॅटरी खरंच संपली आहे. पाठ फुगलेली वाटली, पडदा कडेने उचलला गेला, तर त्याच क्षणी वापर थांबवा. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरवरच द्या. बदलून घेताना कंपनीची आहे की कॉपी, हे स्पष्ट विचारा, बिलावर लिहून घ्या, वॉरंटी किती ते घ्या. आणि एक गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाही: पाठ उघडली की पाणी अडवणारा आतला गोंद तुटतो. तो नवा लावला नाही तर आधी पावसात भिजून तगणारा फोन आता तगेलच असं नाही. जुलैत कोयनानगरला जाणार असाल तर प्लॅस्टिकची पिशवी बरोबर ठेवा.